घास भरविणारा हात

आमच्या वाचकांच्या घरांत वर्षा-दीड वर्षाचें मूल दिवसांतून किती वेळां खातें, हें कोणी मोजून ठेवीत नाहीं. सकाळीं तें आईजवळ पितें. थोड्या वेळानें आजी मऊ भाताचे चार घास भरवितात. आजोबा पानावर बसले कीं त्यांच्या ताटांतला वरणभात मिळतो. दुपारीं काकू केळें कुसकरून देतात. आणि तिन्हीसांजेस कोणी तरी त्यास कडेवर घेऊन, अंगणांतले कावळे-चिमण्या दाखवीत दूधपोळी संपवितें. मुलानें तोंड फिरविलें तर एका हातानें कंटाळून ठेवलेली वाटी दुसरा हात उचलतो. यांत कोणास कांहीं विशेष केल्यासारखें वाटत नाहीं. परंतु मुलाच्या वाढीच्या दृष्टीनें पाहिलें तर एकत्र कुटुंबाची ही फार मोठी देणगी आहे, आणि ती आपल्या लक्षांतहि येत नाहीं.

खेड्यांतील गरीब घरांत मुलें कां रोडावतात याविषयीं सुशिक्षित समाजांत दोन मतें आढळतात. कोणी म्हणतात, तेथें अन्नच नाहीं. कोणी म्हणतात, तेथील आयांना ज्ञान नाहीं. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. पण ज्या गोष्टीकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं ती तिसरीच आहे. त्या घरांत बहुधा पीठ असतें आणि आईची माया तर असतेच. नसतो तो दुपारच्या वेळीं मुलाजवळ बसून त्यास भरविणारा मोकळा हात. या लेखांत आम्हांस त्याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

प्रथम परिस्थिति काय आहे ती पाहूं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील मुलांपैकीं शेंकडा ३५.२ मुलें वयाच्या मानानें खुजीं, २५.६ उंचीच्या मानानें रोड, आणि ३६.१ वयाच्या मानानें कमी वजनाचीं आहेत. अतिशय रोड अशा मुलांचें प्रमाण २०१५-१६ च्या पाहणींत शेंकडा ९.४ होतें, तें या पाहणींत १०.९ झालें. सबंध देशांत रोड मुलें शेंकडा १९.३ असतां आपल्या प्रगत म्हणविणाऱ्या राज्यांत तीं २५.६ असावींत, ही गोष्ट मान खालीं घालावयास लावणारी आहे. शिवाय हे आंकडे शहर आणि खेडें, सधन आणि निर्धन, सर्व मिळून काढलेले आहेत. मेळघाट, नंदुरबार, गडचिरोली, पालघर येथील पाड्यांवर काय स्थिति असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

यांतील दुर्दैव असें कीं, खुजें मूल पाहणाऱ्यास आजारी वाटत नाहीं. अडीच वर्षांचें मूल दीड वर्षाचें दिसतें, इतकेंच. आणि पाड्यावरचीं बहुतेक मुलें तशींच असलीं म्हणजे तेंच प्रमाण वाटूं लागतें. म्हणून वजनाचा कांटा, उंचीची पट्टी आणि दंडाभोंवतीं गुंडाळावयाची साधी फीत यांवांचून ही उणीव वेळींच ओळखतां येत नाहीं. सहा महिने ते पांच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला, तर त्याच्या जिवास धोका आहे असें समजून तत्काळ उपचार करावे लागतात.

आतां अन्नाचा प्रश्न. १९७२ च्या दुष्काळासारखी स्थिति आज नाहीं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें गरीब कुटुंबांस माणशी दरमहा पांच किलो धान्य मिळूं लागलें, आणि २०२३ पासून तें विनामूल्य झालें. एवढ्यानें सर्व भागतें असें आम्ही म्हणत नाहीं. डाळ, तेल, दूध, अंडें, भाजी यांची वाण मोठीच आहे. पण घरांत धान्य असूनहि त्या घरांतील सर्वांत लहान जीव अर्धपोटीं राहतो, हें कसें? त्याचें उत्तर मुलाच्या पोटाच्या मापांत आहे.

लहान मुलाच्या पोटांत एका वेळीं, त्याच्या वजनाच्या दर किलोस सुमारें तीस ग्रॅम, इतकेंच अन्न मावतें. आठ किलोंच्या मुलाचें पोट म्हणजे एक मोठी वाटी. जन्मापासून सहा महिनेपर्यंत त्यास आईचें दूध पुरतें. वर पाणीहि लागत नाहीं. पुढें मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाप्रमाणें, आईच्या दुधाखेरीज सहा ते आठ महिन्यांच्या मुलास रोज सुमारें २००, नऊ ते अकरा महिन्यांच्या मुलास ३००, आणि एक ते दोन वर्षांच्या मुलास ५५० उष्मांक वरच्या अन्नांतून मिळावे लागतात. मोठ्या माणसांच्या दोन वेळच्या जेवणांत हें भागत नाहीं. नऊ महिन्यांनंतर तीन-चार जेवणें आणि मधून एक-दोन वेळां खाऊ, म्हणजे दिवसांतून चार ते सहा वेळां मुलाचें तोंड हललें पाहिजे.

त्यांत आणखी एक अडचण असते. गरीब घरांतून मुलास पाजतात ती पेज पातळ असते. पीठ अधिक घातलें तर ती निवतांच घट्ट होते व मुलास गिळवत नाहीं. पीठ कमी घातलें तर पोट पाण्यानेंच भरतें. मूल तृप्त दिसतें, रडत नाहीं. पण त्याच्या अंगीं लागावें असें फारसें कांहीं पोटांत गेलेलें नसतें. यावरचा उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली म्हणजे तिच्यांत पिष्ट विरघळविणारें पाचक द्रव्य उत्पन्न झालेलें असतें. त्यामुळें पीठ अधिक घालूनहि पेज सैल राहते आणि त्याच वाटींतून मुलास अधिक अन्न मिळतें. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत बडोद्याच्या विद्यापीठांत या गुणाचा शास्त्रीय अभ्यास झाला, आणि मोड आलेल्या धान्याचें थोडेंसें पीठ कोणत्याहि दाट पेजेंत मिसळलें तरी ती सैल होते असें दिसून आलें. तसेंच खिचडींत लहान चमचाभर तेल घातलें कीं सुमारें ४५ उष्मांक वाढतात आणि वाटी मात्र तेवढीच राहते.

येथें महागड्या डब्यांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांनीं १९६० नंतरच्या दशकांत असें दाखविलें कीं, धान्य व डाळ यांचें आपलें नेहमींचें अन्न मुलाच्या पोटांत पुरेसें गेलें, तर प्रथिनांची मोठी तूट राहत नाहीं. खरी तूट असते ती एकंदर अन्नाचीच. तेव्हां गरिबाच्या मुलास पुडींतलें प्रथिन पाहिजे आहे असें समजण्याचें कारण नाहीं. त्यास डाळ-तांदळाची मऊ खिचडी पाहिजे आहे, वर थोडें तेल, जमेल तेव्हां अंडें, आणि ती खिचडी दिवसांतून पांच वेळां भरविणारें माणूस.

हें माणूसच कां मिळत नाहीं, हें समजण्यासाठीं तेथील दिनक्रम पाहावा. मृगाचा पाऊस पडून भाताची आवणी सुरू झाली कीं पालघरकडील पाड्यांवर धडधाकट माणूस घरीं राहत नाहीं. आई अंधारांत उठते, पाणी भरते, भाकऱ्या भाजते, मुलास अंगावर पाजते आणि उजाडतांच शेताच्या वाटेस लागते. मूल राहतें तें सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या, नाहीं तर दृष्टि मंदावलेल्या म्हातारीच्या स्वाधीन. बहीण स्वतःच मूल. वाटी संपेपर्यंत बसून राहण्याचा धीर तिला कोठून असणार? भाकरीचा तुकडा हातीं दिला, तो धुळींत पडला, कोंबडीनें पळविला, कीं दुपारचें जेवण झालें. आई परत येते तों दिवेलागण होऊन मूल पेंगुळलेलें असतें. येणेंप्रमाणें पांच वेळांच्या जागीं दोनच वेळा उरतात. त्यांत पावसाळा म्हणजे कणगी रिकामी होण्याचा, पाणी गढूळ होण्याचा आणि हगवणीचा काळ. जें थोडें पोटांत जातें तेंहि आजार काढून नेतो. आजारानें भूक मंदावते. आणि भूक मंदावलेल्या मुलास भरवावयास तर दुप्पट वेळ लागतो.

डोंगराळ भागाप्रमाणेंच पठारावरहि हीच कथा निराळ्या रूपानें चालते. बीड जिल्ह्यांतून व आसपासच्या भागांतून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीस निघतात व उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. तेथें नवराबायको मिळून एक 'कोयता' धरण्याची वहिवाट आहे. मजुरीच्या हिशेबांत बायकोचा हात म्हणजे अर्धा कोयता. तो मुलाकडे वळला कीं अर्धी तोड थांबते, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल तर फेडावयाची असते. मूल फडाच्या बांधावर किंवा खोपींत राहतें. गांवीं त्याचें नांव अंगणवाडीच्या पटावर असतें, आणि खाणारें तोंड शेंकडो मैल दूर असतें.

बालकुपोषणाच्या एका भयंकर प्रकारास वैद्यकांत 'क्वाशिओरकोर' म्हणतात. पश्चिम आफ्रिकेंतील आजच्या घाना देशांत काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनीं १९३५ सालीं हें नांव वैद्यकांत रूढ केलें. तो तेथील गा भाषेंतील शब्द असून, धाकटें भावंड आल्यामुळें आईपासून दूर सारल्या गेलेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ आहे. त्या साध्या लोकांनीं आजाराचें नांव अन्नावरून ठेविलें नाहीं. मुलाजवळून कोण गेलें यावरून ठेविलें.

यावर कोणी म्हणेल कीं, आयांना शिकविलें म्हणजे झालें. शिकविण्याचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें १९९५ पासून ३९ गांवांत, गांवांतल्याच स्त्रियांना शिकवून, नवजात बालकांची घरोघर शुश्रूषा सुरू केली. आणि तिसऱ्या वर्षीं तेथील नवजात मृत्यूंचें प्रमाण, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें, शेंकडा ६२ नीं खालीं आलें. १९९९ सालीं 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय पत्रानें हें काम जगापुढें मांडलें, आणि पुढें देशानेंहि तो मार्ग उचलला. म्हणजे ज्ञान घरापर्यंत पोंचलें तर जीव वाचतात, यांत शंका नाहीं. परंतु तेथेंहि ज्ञानाबरोबर एक बाई चालत घरीं येत होती, हें विसरूं नये. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत शेतांत असणाऱ्या आईस 'मुलाला पांच वेळां भरवा' म्हणून सांगणें, हें बुडणाऱ्यास काठावरून पोहण्याचे नियम वाचून दाखविण्यासारखें आहे. तिला नियम कळतो. हात मोकळे नसतात.

आणि या आईची स्वतःची स्थिति तरी काय आहे? त्याच पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील पंधरा ते एकूणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४.२ पांडुरोगानें ग्रस्त आहेत. वीस ते चोवीस वर्षांच्या तरुणींपैकीं शेंकडा २१.९ जणींचें लग्न अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच झालेलें होतें. गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतचे सुमारें एक हजार दिवस मुलाच्या शरीराचा व मेंदूचा पाया घालतात, असें आजचें शास्त्र सांगतें. त्यांतील पहिले दोनशें सत्तर दिवस मूल आईच्या पोटांत असतें. तेव्हां मुलाचें पोषण आईच्या विश्रांतीपासून व तिच्या ताटापासूनच सुरू होतें. २०१३ च्या कायद्यानें प्रत्येक गर्भार व अंगावर पाजणाऱ्या मातेस निदान सहा हजार रुपये देण्याचें ठरविलें. प्रत्यक्ष २०१७ सालीं योजना आली ती पहिल्या अपत्यापुरती आणि पांच हजारांची. बाळंतपणानंतर महिन्याभरांतच कामावर जाण्याचा प्रसंग या रकमेनें कितीसा टळणार?

आपल्या मराठी समाजांत या प्रश्नाचें मर्म फार पूर्वीं एका स्त्रीनें ओळखलें होतें. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं डहाणू तालुक्यांतील बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें, आणि १९५७ सालीं अनुताई वाघ यांच्यासह तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, हें त्यांचें सूत्र. वारल्यांच्या अंगणांत भरणारी ती अंगणवाडी. पण अनुभवानें त्यांना असें दिसलें कीं, मोठीं मुलें शाळेंत येत नाहींत याचें एक कारण त्यांच्या कडेवर असतें. म्हणून कोसबाडच्या त्यांच्या विकासवाडींत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशीं तिन्ही अंगें एकत्र होतीं. तान्हें पाळणाघरांत सांभाळलें जाईल तेव्हांच त्याची बहीण पाटी हातीं धरील, हा विचार त्यामागें होता.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. त्या योजनेनें लक्षावधि मुलांना अन्न, लसी व अक्षरांची ओळख दिली, आणि तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या सेविका व मदतनीस यांचे उपकार समाजावर आहेत. परंतु तिच्या रचनेंत एक फट राहून गेली. तीन ते सहा वर्षांचें मूल अंगणवाडींत बसून गरम जेवतें. तीन वर्षांखालील मुलास मात्र घरीं न्यावयाचा शिधा मिळतो. म्हणजे ज्या वयांत मूल खरोखर रोडावतें, त्याच वयांत आपण पाकीट देतों आणि माणूस देत नाहीं. पाकीट घरीं गेलें कीं तें चार भावंडांत वांटलें जातें, यांत आईचा दोष नाहीं. चार भुकेल्या मुलांसमोर एकालाच भरविणें कोणा आईस जमलें आहे? महाराष्ट्रानें २०१५ सालीं आदिवासी भागांत अमृत आहार योजना आणून गर्भार व बाळंतिणींस दिवसांतून एक वेळ चौरस गरम जेवण, आणि पुढें मुलांस अंडीं किंवा केळीं देण्यास आरंभ केला, हें पाऊल योग्यच पडलें. पण दहा महिन्यांच्या मुलास दुपारीं दोन वाजतां भरवावयाचें कोणी, हा प्रश्न तरीहि उरतोच.

त्याचें उत्तर शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. शेजारच्या छत्तीसगडांत तें मिळतें. बिलासपूरजवळील गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या डॉक्टरांच्या संस्थेनें २००६ च्या सुमारास जंगलाकडील गांवांत 'फुलवारी' उघडल्या. कल्पना अगदीं साधी. गांवांतील आयांनींच आपल्यांतील एक-दोन बायका निवडावयाच्या. सहा महिने ते तीन वर्षांचीं मुलें कामाच्या वेळांत त्यांच्याजवळ ठेवावयाचीं. सत्तू, तेल घातलेली खिचडी असें साधें अन्न त्यांना दिवसांतून अनेक वेळां भरवावयाचें. आणि वजनावर लक्ष ठेवावयाचें. आई निर्धास्तपणें शेतावर जाऊं लागली. मोठी बहीण शाळेंत जाऊं लागली. तान्हें मूल पोटभर खाऊं लागलें. २०१२ सालीं छत्तीसगड सरकारनेंहि ही योजना आपलीशी केली. पुढें झारखंड व ओडिशा येथें 'एकजूट' व सहकारी संस्थांनीं अशाच पाळणाघरांची, घरभेटींची व महिलामंडळांच्या बैठकींची सांगड घालून पाहिली. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत रोडपणा, खुजेपणा व कमी वजन हीं तिन्ही घटल्याचें नमूद आहे. एका उपायानें तीन पिढ्यांतील स्त्रियांचें ओझें हलकें व्हावें, अशीं उदाहरणें थोडीं.

कायद्यासहि ही गोष्ट अपरिचित नाहीं. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यांत अशी तरतूद होती कीं, कामावरील स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पांच किंवा अधिक मुलें असतील, तर एका स्त्रीस मुलें सांभाळण्याच्या कामावर नेमावें. दिल्लींत मीरा महादेवन यांनीं १९६९ सालीं बांधकामावरील मजूर स्त्रियांच्या मुलांसाठीं फिरतीं पाळणाघरें काढलीं, तीं याच जाणिवेनें. न्यून आहे तें कल्पनेचें नव्हे; मूल सांभाळणें हें काम आहे, आणि कामास मजुरी द्यावी लागते, हें मनापासून मानण्याचें आहे.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं गांवीं शेतें आहेत, बागा आहेत. निदान घरीं धुणेंभांड्यांस बाई तरी येते. त्यांनीं सरकारची वाट न पाहतां करण्यासारखें बरेंच आहे. आवणीस वीस बायका लावतांना एकविसावी बाई मुलें सांभाळावयास लावावी, आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. मांगराची सावली, उकळलेलें पाणी, दोन चटया आणि तेल घातलेली मऊ खिचडी, एवढें तिच्या हवालीं केलें कीं पाळणाघर झालें. घरीं येणाऱ्या बाईस बाळंतपणानंतर कांहीं महिने भरपगारी घरीं राहूं द्यावें. तिच्या मुलास कटोरीभर खाऊ देण्यापेक्षां हें दान मोठें. गांवच्या अंगणवाडींत गेल्यास भिंतीवरचीं चित्रें पाहून परतूं नये. तीन वर्षांखालीं किती मुलें आहेत, त्यांपैकीं किती रोड आहेत, आणि दुपारीं तीं कोणाजवळ असतात, हें सेविकेस आदरानें विचारावें. ग्रामसभेंत बसणाऱ्यांनीं रस्ता व दिवे यांच्या शेजारीं पाळणाघराचा विषय मांडावा. महिलामंडळांनीं दिवाळींत फराळाचीं व बिस्किटांचीं पाकिटें पाड्यावर नेण्याऐवजीं, एका पाळणाघरांतील बाईची वर्षाची मजुरी उचलावी.

याविषयीं आमच्या भगिनींस एक सांगणें आहे. मूल कसें भरवावें, रुसलेल्या मुलाच्या पोटांत चार घास कसे घालावे, कोणत्या महिन्यांत काय मानवतें, ही विद्या आपल्या घरांतील वडील बायकांजवळ भरपूर आहे. आणि पाड्यावरील म्हाताऱ्यांजवळहि ती तितकीच आहे, फक्त तिला सवड नाहीं. तेव्हां तेथें शिकवावयास जाण्याचा आव न आणतां, सवड घेऊन जावें. येत्या पावसाळ्यापूर्वीं आपल्या गांवांत किंवा आपल्या शेतावर अशी एक जागा सुरू होते का, याचा विचार घरांतील सर्व मंडळींनीं एकत्र बसून करावा, अशी आमची विनंति आहे. आवणीचे दिवस थोडे असतात. पण दहा महिन्यांच्या मुलास तेवढे दिवस थोडे नसतात.